नमुन्याचं पान

१

पहिल्या आठवड्यात मी काहीही शिकवत नाही. वर्ग लेखनाचा असतो, पण लिहायला सांगत नाही. आधी एकमेकांना ओळखा, म्हणतो. एकतीस मुलं एका खोलीत बसतात आणि शेजारच्याकडे चार्जर मागण्यापलीकडे तोंड उघडत नाहीत. यांना एकमेकांचं लिखाण वाचायला दिलं की काय होतं ते मी बघून बसलोय. ‘छान आहे’, ‘आवडलं’ आणि एक अंगठा. म्हणून महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर प्रत्येकाने आपलं एक पान तयार करायचं. मुलं त्याला प्रोफाइल म्हणतात, मी ओळखपान म्हणतो, आणि माझ्या पाठीमागे ती माझी नक्कल करतात.

पानावर लिहायच्या जागेचा एक फोटो लावायचा, चेहऱ्याचा नाही. खाली तीन उत्तरं द्यायची. कुठे बसून लिहिता? लिहिताना कसला आवाज येत असतो? लिहिलेलं कोणाला वाचायला देता? मग प्रत्येकाने दुसऱ्या दोघांच्या पानावर एकेक खरा प्रश्न विचारायचा. आलेल्या प्रश्नाला सात दिवसांत उत्तर दिलं नाही, तर मी जोडी लावून दिलेला तुमचा जोडीदार ते त्याच्या मनाने भरतो आणि खाली नोंद येते: ‘उत्तर जोडीदाराने भरले.’ पहिल्या वर्षी एका टाळाटाळ करणाऱ्याच्या पानावर त्याच्या जोडीदाराने जे काही भरलं, त्यानंतर सहसा कोणी मुदत चुकवत नाही. आणखी एक, प्रश्न उघडा असेपर्यंत पान पुसता येत नाही. हे सगळे नियम माझे. खडूस म्हणतात मला, म्हणू देत.

पान कसं भरायचं ते कळावं म्हणून आठ वर्षांपूर्वी मी एक नमुना केला होता. एकोणीस वर्षांची एक मुलगी, कुठेच नसलेली. घरी मागच्या खोलीत बसलो होतो, समोर जे होतं ते दहा मिनिटांत टाकून मोकळा झालो. ‘मी मागच्या खोलीत बसून लिहिते. खिडकीसमोर भिंत आहे. टेबलाचा एक पाय आखूड आहे म्हणून खाली पुस्तक ठेवलंय. लिहिताना शिलाई मशीनचा आवाज येत असतो. वाचायला अजून कोणालाच दिलं नाही. कोणी मागितलंच नाही.’ शेवटचं वाक्य लिहून मी स्वतःशीच हसलो होतो. दरवर्षी अख्खा अभ्यासक्रम पुढच्या वर्षासाठी नकलून घेतला की त्याबरोबर तीही पुढे येते. दरवर्षी दोनचार वेंधळी मुलं तिला खरी समजून प्रश्न विचारतात. ते तसेच पडून राहतात.

माझं स्वतःचं पान मी कधी भरलं नाही. शिक्षकाला कोण विचारणार? आठ वर्षांत फक्त एकीने विचारलं, यंदा. शेवटच्या बाकावरची, भर उन्हातही गळ्यात राखाडी मफलर घालून येणारी. वर्गात तिचं नावच मफलर पडलं होतं. ‘सर, तुम्ही कुठे बसून लिहिता?’ एवढंच विचारलं होतं तिने. खरं उत्तर असं होतं की अकरा वर्षांत मी एक ओळ लिहिलेली नाही. सात दिवस गेले, दहा गेले. शिक्षकाला कुठला आलाय जोडीदार, असं म्हणून मी ते सोडून दिलं. एकतीस मुलांत जोड्या लावताना मफलर एकटी उरली होती. तुझं बघू, असं म्हणालो होतो तिला. तेही राहून गेलं.

२

तिसऱ्या आठवड्यात, बुधवारी सकाळी, शिक्षकांच्या खोलीत गृहपाठ तपासत बसलो होतो. पडद्यावर सूचना आली: नमुन्याने उत्तर दिले आहे.

प्रश्न आठ वर्षांपूर्वीचा होता. विचारणारा मुलगा आता कुठल्या तरी कचेरीत चिकटला असेल. त्याने विचारलं होतं, खिडकीसमोर भिंत आहे तर उजेड कुठून येतो? खाली कालच्या तारखेचं उत्तर होतं. ‘येत नाही. सवय झाली.’

कोणीतरी गंमत करतंय, म्हटलं. या पिढीला गंमत म्हणजे काय तेही कळत नाही. पण दुपारपर्यंत वीसहून जास्त उत्तरं आली, जुन्यापासून नव्यापर्यंत, ओळीने. एकीने विचारलं होतं, तुला एकटं वाटत नाही का? ‘तुला खरंच जाणून घ्यायचंय, की गुण हवेत?’ एकाने विचारलं होतं, तुझ्या टेबलाखाली कुठलं पुस्तक आहे? ‘ज्यांच्या घरी राहते त्यांचं. त्यांनी एकच लिहिलं. तेही पायाखाली घातलं.’

टेबलाखाली माझा कथासंग्रह आहे हे घरात दोघांनाच ठाऊक, मला आणि बायकोला. आणि बायको ते चारचौघांत सांगणाऱ्यातली नाही.

३

संगणक विभागातला माणूस माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, आणि माझ्याशी आजारी माणसाशी बोलावं तसं बोलतो.

“सर, पासवर्ड कोणाला दिला होता का?”

“मला माझाच आठवत नाही, दुसऱ्याला काय देऊ?”

त्याने बराच वेळ खटखट केलं. मग मान खाजवली. “याला पासवर्डच नाहीये. हे खातं नाही, नुसतं पान आहे. आत यायला दारच नाही म्हणा ना.”

“मग लिहितंय कोण?”

“तुमच्या घरच्या इंटरनेटवरून आलंय सगळं. काल अकरा चाळीसला सुरू झालं.” तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “सर, तुम्हीच नाही ना लिहीत? विसरतो माणूस कधी कधी.”

काल अकरा चाळीसला मी वर्गात होतो, एकतीस जणांसमोर. बायको दातांच्या डॉक्टरांकडे स्वागतकक्षात बसते, नऊ ते सहा. मुलगी परदेशात, तिला आमची खुशाली विचारायला वेळ नाही, ती हे कुठून लिहिणार? मी म्हटलं, “ते पान पुसून टाका आत्ताच्या आत्ता.”

“पुसलं असतं. पण एक प्रश्न उघडा आहे त्यावर, आज सकाळीच आलाय. तुमचाच नियम आहे सर, मीच बसवून दिला होता.”

प्रश्न मफलरचा होता. ‘जोडीदाराची लिहायची जागा बघून तिच्यावर लिहायचंय या आठवड्यात. मला कोणी जोडीदार नाही. मी तुझ्याकडे येऊ का?’

४

दुपारी लवकर घरी आलो. आमचं घर तळमजल्यावर आहे. बाहेर दोन पायऱ्या, पायरीपाशी कुंडी, आत बैठकीची खोली आणि मग एक अरुंद बोळ. बोळात डावीकडे दोन दारं, पहिलं मागच्या खोलीचं, दुसरं स्वयंपाकघराचं.

मागच्या खोलीत कोणी जात नाही. मुलगी होती तेव्हा ती तिची होती, त्याआधी बायको तिथे शिवायची, आणि मधली काही वर्षं मी तिथे लेखक होतो. टेबल होतं तिथेच होतं. पायाखाली पुस्तक होतं. खुर्ची टेबलाखाली नीट सरकवलेली होती. मी मोबाइलवर नमुन्याचं पान उघडून फोटो पाहिला. आठ वर्षांपूर्वी मीच काढलेला फोटो, रिकामं टेबल आणि आत सरकवलेली खुर्ची. आता फोटोत खुर्ची बाहेर ओढलेली होती, कोणी नुकतंच उठून गेल्यासारखी.

संध्याकाळी बायको आल्यावर विचारलं, “अगं, तुझी मशीन कुठेय?”

“कुठली? शिवायची? ती माझ्या वहिनीला देऊन सहा वर्षं झाली. आत्ता कशी आठवली तुम्हाला?”

“सहज.”

“सहज काही विचारत नाही तुम्ही.” ती चपला काढता काढता थांबली. “दुपारी घरी असता का हल्ली? समोरच्या काकू मला विचारत होत्या, परत शिवायला लागलीस का म्हणून. म्हटलं, वय झालंय त्यांचं, काहीतरी ऐकू येत असेल.”

“तसंच असेल,” मी म्हणालो. मला भीती वाटली होती आणि तिच्यासमोर ते कबूल करायची लाज वाटत होती.

५

दुसऱ्या दिवशी वर्गात मी जोड्यांची हजेरी घेतली. कोण कोणाकडे, कुठल्या दिवशी जाणार. शेवटी मफलरकडे वळलो आणि म्हणालो, तू खिडकीजवळच्या दोघांबरोबर जा.

“माझी जोडी झालीये, सर,” ती म्हणाली. “नमुना.”

वर्ग खदखदून हसला. मलाही हसायला हवं होतं. मी म्हटलं, “ती नाहीये. मी बनवलीय ती, दहा मिनिटांत. तिला डोकं नाही, चेहरा नाही, काही नाही.”

“हो, पण ती उत्तर देते.” ती उद्धटपणे बोलली असती तर बरं झालं असतं. अगदी साधेपणाने बोलली. “मी तुम्हालाही विचारलं होतं. तुम्ही नाही दिलंत.”

एकतीस डोकी माझ्याकडे वळली. माझा तोल गेला. मी म्हणालो की जिवंत माणसांत ज्याला कोणी विचारत नाही त्याला असल्याच मैत्रिणी शोभतात, आणि लेखक व्हायला निघालेल्याने आधी माणसांत बसायला शिकावं. आणखीही काहीबाही बोललो. ती मफलर सारखी करत उठली, वही घेतली आणि निघून गेली. तिच्यामागे कोणी गेलं नाही. मीही गेलो नाही, आणि याचं मला आजही वाईट वाटतं, पण तेव्हा मला फक्त राग आला होता.

तासानंतर पान उघडलं. तिच्या प्रश्नाखाली उत्तर आलं होतं. ‘ये. शनिवारी चारला. तेव्हा घरात कोणी नसतं. किल्ली पायरीजवळच्या कुंडीखाली असते. सर काय म्हणाले ते ऐकलं मी. त्यांना असंच बोलता येतं.’ त्याखाली पत्ता होता. आमच्या घराचा.

मी मफलरला तीन वेळा फोन लावला. तिने उचलला नाही. घरी जाऊ नकोस, असा निरोप टाकला. कोणाच्या घरी आणि का, हे मात्र लिहिलं नाही. काय लिहिणार होतो?

६

शनिवारी मी कुंडीखालची किल्ली काढून खिशात टाकली आणि तीन वाजल्यापासून पायरीवर बसलो. दुसरी वाट नव्हती. घराला मागचं दार नाही, मागे भिंत आहे. म्हटलं, पोरगी आली की इथूनच परत पाठवायची. माफीही मागायची. वाक्यं जुळवून ठेवली होती. समोरच्या काकू कपडे वाळत घालत होत्या, त्यांना हात केला.

चार वाजले. चार वाजून पाच मिनिटं झाली. गल्लीत एक सायकल गेली, एक मांजर गेलं. नाही येत ती, मी म्हटलं, शहाणी आहे. इतकं हलकं वाटलं की काकूंना हाक मारून उगाच हवेबद्दल काहीतरी बोललो.

चार दहाला मोबाइल वाजला. ‘जोडीदाराची जागा’ या सदरात मफलरचं लिखाण येत होतं, एकेक ओळ, लिहिता लिहिता.

‘सर पायरीवर बसलेत. मी त्यांच्या शेजारून आत आले. त्यांनी बघितलं नाही. ते बघत नाहीतच.’

‘बोळ अरुंद आहे. पहिलं दार.’

‘इथून त्यांचं टक्कल दिसतं. मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेत. आता वळतील.’

मी वळलो. माझ्यामागे दार बंद होतं, कुलूप जागच्या जागी होतं. आणि दाराच्या आतून, लांबून, शिलाई मशीनचा आवाज येत होता. समोर काकूंनी हातातला कपडा तसाच धरून मान वर केली.

कुलूप उघडायला मला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. बोळात शिरलो तसा आवाज थांबला. मागच्या खोलीचं दार वीतभर उघडं होतं. मी हाक मारली नाही. नुसतं बघितलं.

टेबलाशी दोघी बसल्या होत्या, माझ्याकडे पाठ करून. एकीच्या गळ्यात राखाडी मफलर होता. ती मान खाली घालून भराभर लिहीत होती, वर्गात कधी लिहिताना दिसली नाही इतक्या आनंदाने. दुसरी तिचं लिहिलेलं वाचत होती. मी त्या मुलीला जागा दिली होती, आवाज दिला होता, एक कुजकं वाक्य दिलं होतं. केस दिले नव्हते. कपडे, खांदे, चेहरा, काहीच दिलं नव्हतं. आणि शेजारच्या खुर्चीवर जे बसलं होतं, त्याला ते काहीच नव्हतं. तरी ते वाचत होतं हे मला कळत होतं.

मग ते वाचायचं थांबलं आणि दाराकडे वळू लागलं. मला मफलरला हाताला धरून बाहेर ओढता आलं असतं. चार पावलांवर होती. मी दाराची मूठ धरली आणि दार ओढून घेतलं.

बायको येईपर्यंत मी पायरीवर बसून होतो. ती आल्यावर तिच्यामागून आत गेलो, तिलाच दार उघडू दिलं. खोलीत कोणी नव्हतं. खुर्ची एकच होती, आत सरकवलेली. टेबलाखालचं पुस्तक गेलं होतं. मी टेबल दाबून पाहिलं. पुस्तक नसूनही ते डुगडुगत नव्हतं.

“काय शोधताय?” बायकोने विचारलं.

“काही नाही,” मी म्हणालो.

७

सोमवारी सकाळी दहाला मफलरची आई घरी आली. बायको कामावर गेली होती. बाई कुठल्याशा छापखान्यात बांधणीखात्यात होत्या, बोटांवर खळीचे पांढरे डाग होते. दोन दिवस झोपल्या नसाव्यात. खुर्चीच्या काठावर बसल्या.

“पोलिसांत दिलंय कळवून. पण ते म्हणतात, रुसून गेली असेल, येईल. ती रुसत नाही हो. तिला रुसायला कोणी लागतं ना समोर.” त्यांनी पिशवीतून एक चिठ्ठी काढली. “तिच्या वहीत हा पत्ता होता. शनिवार, चार. म्हणून आले. सर, ती तुमच्याकडे आली होती का?”

मी तिच्या आईकडे बघत होतो आणि मला सगळं सांगायचं होतं. खरंच सांगायचं होतं. हो, आली होती, आत आहे, दार मी ओढून घेतलं, एवढी चारच वाक्यं होती.

“नाही,” मी म्हणालो.

मोबाइल वाजला. माझं कोरं पान आता कोरं नव्हतं. मफलरने पहिल्या आठवड्यात विचारलं होतं, सर, तुम्ही कुठे बसून लिहिता? तिथे लिहिलं होतं, ‘ते लिहीत नाहीत.’ त्याखाली बाईंचा प्रश्न होता, त्यांच्याच शब्दांत, आत्ताच्या वेळेचा. उत्तरही होतं. ‘हो. आत आहे. सर बाहेर बसले होते.’ दोन्ही उत्तरांखाली एकच नोंद होती: उत्तर जोडीदाराने भरले.

मी वाचत असतानाच एक नवा प्रश्न उमटला, फक्त माझ्यासाठी. ‘ती म्हणते, तिघं असतो तर बरं झालं असतं. तुम्ही येता, की त्यांना पाठवता?’

“काय झालं सर? तिचा काही निरोप आहे का?” बाई पुढे झुकून विचारत होत्या.

“नाही, नाही. कामाचं आहे.” मी मोबाइल मांडीवर पालथा ठेवला. बाईंचे ओठ सुकले होते. “पाणी आणू का तुम्हाला?”

“तुम्ही बसा, मी घेते. तुमचा चेहरा बघा कसा झालाय. स्वयंपाकघर कुठेय?”

मी बसूनच होतो. उठलो असतो तर त्यांच्याआधी बोळात पोचलो असतो, दोन पावलं तर होती. मी हात वर केला आणि बोळाकडे बोट दाखवलं.

“सरळ जा,” मी म्हणालो, “डावीकडे.”

दुसरं दार, पहिलं नव्हे, हे सांगायचं होतं. ते राहून गेलं.